हे कोणाच्या हातचं?

मुलानं काही करून आणलं की बोरकुटे गुरुजी आधी त्याची बोटं पाहायचे. वस्तू टेबलावर तशीच राहायची. "बोटं दाखवा," म्हणायचे, आणि ते इवलेसे हात आपल्या हातात घेऊन उलटेसुलटे करायचे. बांबूची सल रुतलेली असली, नखांत माती असली, अंगठ्यावर खळ वाळून पापुद्रे आलेले असले की त्यांचा चेहरा खुलायचा. मग ते वस्तूकडे वळायचे. ती वाकडी असो, फुटकी असो, तिच्यात त्यांना काहीतरी चांगलं सापडायचंच. बोटं स्वच्छ निघाली तर मात्र एवढंच विचारायचे, "हे कोणाच्या हातचं?"

हा प्रश्न शाळेपुरता नव्हता. मी त्यांच्या शेजारी राहायला गेले त्या आठवड्यात आईनं आंबाडीची भाजी करून वाटीभर त्यांच्याकडे पाठवली. संध्याकाळी गुरुजी वाटी परत करायला आले आणि दारातूनच म्हणाले, "हे कोणाच्या हातचं, बाई?"

"आईच्या."

तसे ते माझ्याकडे न पाहता आत चुलीपाशी बसलेल्या आईला म्हणाले, "आईसाहेब, भाजी लय चांगली होती." पुढच्या वेळी भाजी मी केली होती, मीठ जरा जास्तच पडलं होतं. तेव्हा म्हणाले, "मंग मिठाचा हात तुमचा म्हणायचा," आणि हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नसे. खांदे तेवढे हलत.

चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मी वर्ध्याकडची. नोकरी लागली ती चामोर्शीच्या पलीकडच्या एका गावात. गावाभोवती धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, बांध्यांच्या पुढं मोहाची झाडं, आणि त्यांच्यापुढं जंगल सुरू व्हायचं ते संपायचंच नाही. शाळा तलावाच्या पाळीखाली होती. खोल्या मोजक्या, पण व्हरांडा लांबलचक. पहिली-दुसरी माझ्याकडे, वरचे वर्ग गुरुजींकडे. राहायलाही एकाच घराचे दोन भाग होते. एका भागात मी आणि आई. दुसऱ्यात गुरुजी, त्यांची बायको अनसूयावहिनी आणि मुलगी कुंदा. आंगण एकच होतं.

गुरुजी उंच, सडपातळ, थोडे वाकून चालणारे. खिशात खडू आणि शिंदीच्या वाखाची दोरी कायम. ते त्याच भागातले, त्यामुळे घरी बोलायचे ते तिकडचंच, मले-तुले. शाळेच्या पायरीवर पाऊल पडलं की मात्र भाषा बदलायची. मला, तुला, नाही, का नाही. मुलांनाही तसंच बोलायला लावायचे. म्हणायचे, "घरची भाषा खराब नाई. पण उद्या पोरं कचेरीत गेली तं कोणी हसू नये त्यांले." कुंदा तिसरीत आली, बापाच्याच वर्गात बसली, आणि तिनंही हे उचललं. घरी "बाबा, मले पाणी द्या," आणि शाळेत "गुरुजी, मला पाणी प्यायला जाऊ द्या." त्या दोघांचा तो खेळच झाला होता. आंगणातून शाळेकडे निघताना मध्येच कुठंतरी ती बाबांचं बोट सोडायची, आणि तिथून पुढं ते तिचे गुरुजी असायचे.

त्या काळी शाळांमधून हस्तोद्योगाचं मोठं वारं होतं. टकळीवर सूत, मातीकाम, बांबूकाम. दर हिवाळ्यात प्रदर्शन भरायचं, इन्स्पेक्टरसाहेब यायचे, बक्षिसं द्यायचे. मी गेले त्या वर्षीच्या प्रदर्शनात गावच्या धान्याच्या व्यापाऱ्याच्या मुलानं सागवानी देऊळ आणलं. शिखर, कळस, आत पितळेची घंटी. आलापल्लीकडच्या एका सुतारानं ते घडवलं होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्याच्या शेजारी लच्चूचा मातीचा बैल होता. लच्चू जंगलातल्या गोंड पाड्यावरचा. आईबाप दिवसभर रानात. त्यानं तो बैल एकट्यानं केला होता, डोक्यावर घेऊन पाड्यावरून चालत आणला होता आणि वाटेत त्याचं एक शिंग मोडलं होतं. साहेब आले. देवळाला जागा कमी पडत होती म्हणून त्यांनी तो बैल उचलून टेबलाखाली ठेवला. मनात काही वाईट असेल असं नाही, पण ठेवला.

बक्षीस देवळाला मिळालं. टाळ्या चालू असतानाच लच्चूनं टेबलाखालून बैल घेतला, तलावावर गेला, बैल पाण्यात ठेवला आणि काठावर बसून राहिला. रडला नाही. माती विरघळताना पाहत होता. गुरुजी साहेबांना सोडून त्याच्यामागे गेले. मी व्हरांड्यातून पाहत होते. ते लच्चूच्या शेजारी बसले. पाणी गढूळ होऊन पुन्हा निवळेपर्यंत दोघं तिथंच होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी सांगितलं. यापुढं घरून काहीही करून आणायचं नाही. बांबू, माती, गवत, कोयता, सगळं शाळेत. दुपारच्या सुट्टीनंतर व्हरांड्यात बसायचं आणि करायचं. वस्तू घरी न्यायची नाही. जो आजारी पडेल, ज्याला धान कापायला जावं लागेल, त्याची वस्तू वाट पाहील. तो आला की त्याला त्याचा वेळ मिळेल.

बुरडाचा एक मुलगा होता वर्गात. त्याची टोपली अर्थातच सगळ्यांत सुबक व्हायची. पोरांनी तक्रार केली, "गुरुजी, त्याला त्याचे बाबा शिकवतात."

"शिकवू द्या," गुरुजी म्हणाले. "तुम्हीही शिका. आईकडून, बापाकडून, वाटेवरच्या माणसाकडून. शिकवलेलं चालतं. केलेलं नाही चालत."

एकदा जंगलखात्याचे रेंजरसाहेब रागानं शाळेत आले. भला माणूस, पण आवाज मोठा. त्यांच्या मुलानं शाळेत केलेलं बांबूचं छोटं मचाण कोसळलं होतं आणि गुरुजींनी ते घरी न्यायला बंदी केली होती.

"माझ्या पोराला माझा हात लागला तर पाप झालं काय?"

"पाप कायचं, साहेब? तुमचा हात चांगला आहे," गुरुजी म्हणाले. रागावलेल्या माणसाशी बोलताना ते शाळेतही घरच्या बोलीवर यायचे. "पण इथी लय पोट्टे आहेत. एका पोट्ट्यालेच कायले लावता? सगळ्यांले लावा."

रेंजरसाहेबांनी व्हरांड्यातल्या पोरांकडे पाहिलं. मग काय वाटलं कोणास ठाऊक, त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि व्हरांड्यात मांडी घातली. तो सगळा दुपारचा वेळ त्यांनी पोरांना बांबू कसा चिरायचा ते दाखवलं. कोणत्या बाजूनं कोयता घातला की सरळ फाटतो, कुठं पेर सोडायचं. पोरं त्यांच्या अंगावर पडत होती. जाताना त्यांच्या पँटवर बांबूचा भुसा होता आणि ते कुठलंसं हिंदी गाणं गुणगुणत होते. त्यांच्या पोराचं मचाण त्या वर्षीही वाकडंच झालं. नंतर जंगलातून शाळेसाठी बांबू लागला की रेंजरसाहेब स्वतः पाठवायचे.

मला तो नियम पटायचा. मुलांनाही पटला होता. त्या व्हरांड्यात व्यापाऱ्याचा मुलगा आणि लच्चू एकाच कोयत्यासाठी भांडताना मी पाहिलेत. तो नियम फक्त एका घरात जड जात होता, आणि ते घर आमच्याच आंगणात होतं.

पुढं एका वर्षी कुंदा घर करत होती. बांबूच्या कामट्यांच्या भिंती, वर गवताचं छप्पर, उघडमीट होणारं दार, पुढं पडवी. दार जमलं होतं. छप्पर जमत नव्हतं, गवत घसरून खाली यायचं. एके दिवशी संध्याकाळी गुरुजी आंगणात पाय धूत होते, तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, गवत घसरू नये तं कसं बांधावं?"

"उद्या शाळेत विचार."

"आता सांगा ना. मी काई करून नाई राह्यली, निस्तं विचारून राह्यली."

"उद्या विचार, कुंदे. सगळ्यांसमोर."

वहिनी भांडी घासत होत्या. त्यांचा हात थांबला. "पोरगी बापाले विचारून राह्यली. मास्तराले नाई."

"ह्या घरात दोघं एकच आहेत, त्याले मी काय करू?"

"तुमीच म्हणता ना, शिकवलेलं चालते म्हणून?"

"बुरडाच्या पोराचा बाप मार्क देत नाई," गुरुजी म्हणाले. "हिचा देते."

वहिनींनी राखेचा हात पुन्हा परातीवर फिरवायला सुरुवात केली, जरा जोरानं. कुंदा मात्र हिरमुसली नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं उभं राहून, हात मागे बांधून, शुद्ध भाषेत तो प्रश्न विचारला आणि गुरुजींनी सगळ्या वर्गाला व्हरांड्यात आणून छप्पर शाकारायचं कसं ते शिकवलं. गवताच्या जुड्या खालून वर रचत जायच्या, प्रत्येक जुडी खालच्या जुडीच्या बांधावर यायला हवी. आपल्या प्रश्नातून अख्खा धडा निघाला म्हणून कुंदा इतकी फुलली होती की माझ्या वर्गाच्या दारापर्यंत येऊन तिनं मला सांगितलं, "बाई, तो प्रश्न माझा होता." पोरगी बापावर गेली होती. त्यांचा नियम तिला आवडायचा. आपल्या बाबांकडे असं काही आहे जे बाकीच्यांच्या बाबांकडे नाही, असं तिला वाटत असावं.

छप्पर अर्धं झालं आणि तिला ताप आला. धान कापणीचे दिवस होते. व्हरांड्यातच थंडी वाजायला लागली, दात वाजायला लागले. आमच्या भागात हिवताप प्रत्येक घरात येऊन जायचा, म्हणून आधी कोणी घाबरलं नाही. कुनैन दिलं. ताप उतरला, पुन्हा चढला. मग उतरेनासाच झाला. ती खाटेवर पडून हातानं हवेत काहीतरी बांधत राहायची. जुडी उचलायची, गाठ मारायची, पुढची जुडी.

वहिनी एक दिवस गुरुजींना म्हणाल्या, "ते घर आणून द्या तिले. पडल्या पडल्या हात तं लावन."

"बरी झाली का शाळेत करन. तिचा वेळ तिले भेटन. सगळ्यांले भेटते."

"सगळे अन् ती एकच काय?"

गुरुजी तिच्या कपाळावरची ओल्या फडक्याची घडी बदलत राहिले. ते रात्रंदिवस तिच्याजवळ असायचे. शाळेची घंटा झाली की उठायचे, सुटली की धावत यायचे. मी म्हणाले, "गुरुजी, मी घेऊन येते घर. कोणी काही म्हणणार नाही." त्यांनी मान हलवली. "तिले बरं व्हायचं आहे ना, बाई. घर तिथी वाट पाहून राह्यलं, म्हणून तं ती उठन." तेव्हा मला कळलं की ते नियमाला धरून नव्हते फक्त. ते घर शाळेतून हललं तर पोरगी परत शाळेत येणार नाही, अशी काहीतरी भीती त्यांनी मनात घेतली होती.

गडचिरोलीहून डॉक्टर आले. त्यांनी तपासलं, बाहेर आंगणात आले, आणि हळू आवाजात सांगितलं की ताप मेंदूत गेला आहे. चांद्याच्या दवाखान्यात न्यायला हवं, पण एवढा रस्ता तिला सोसणार नाही. गुरुजींनी ऐकून घेतलं. टोपी घातली आणि निघून गेले. मला वाटलं बैलबंडी बघायला गेले.

ते परत आले तेव्हा भर दुपार होती. त्या दिवशी गावचा बाजार होता. त्या गर्दीतून ते दोन्ही हातांवर ते बांबूचं घर घेऊन आले, आणि काखेत गवताची पेंढी. लोक बाजूला होऊन वाट देत होते.

ते खाटेपाशी खाली बसले. घर खाटेच्या कडेवर तिच्या डोळ्यांसमोर ठेवलं.

"कुंदे. हे पाय. तुयं घर आणलं मी." पेंढी सोडून त्यांनी एक जुडी हातात घेतली. "आता सांग, काय करू? कुठून बांधू? तू निस्ती सांग, मी करतो. बाबा करते तुया."

तिनं डोळे उघडले. घराकडे पाहिलं. मग गुरुजींकडे कितीतरी वेळ पाहिलं. तिच्या कपाळाला आठी पडली, आणि ती बोलली ती शाळेतल्या भाषेत, एकेक शब्द नीट करून.

"गुरुजी, हे घरी का आणलं?"

गुरुजींच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"मी तुया बाबा आहो, पोरी. बाबा."

"शाळेत ठेवा, गुरुजी. मी बरी झाल्यावर करीन." थोडं थांबून तिनं म्हटलं, "लच्चू काय म्हणेल?"

मग तिनं डोळे मिटले. वहिनी दाराला टेकून उभ्या होत्या, पदराचा बोळा तोंडात धरून. गुरुजींनी हातातली जुडी खाली ठेवली. मग उठले, घर उचललं आणि तिनं सांगितल्याप्रमाणे शाळेत नेऊन तिच्या जागेवर ठेवून आले. जाताना मला दिसलं, ते घर त्यांनी छातीशी धरलं होतं, आणि अर्ध्या छपरातलं गवत वाटेवर गळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंदा गेली.

तलावाच्या पलीकडच्या अंगाला तिला पुरलं. गुरुजींनी त्यानंतर मला फक्त एकदाच काही विचारलं. मी विहिरीवरून येत होते, ते वाटेत उभे होते. "बाई, तुम्ही होत्या तिथी. तिनं मले ओळखलं होतं का?"

मी म्हणाले, "हो गुरुजी. ओळखलं होतं."

मला खरं माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. तापात बाप तिला दिसलाच नाही, समोर मास्तरच दिसला, की बाप मोडतोय हे पाहून तिनं त्यांना सावरलं?

सुतक फिटलं आणि ते शाळेत आले. प्रदर्शन जवळ आलं होतं. वर्गातल्या पोरांनी आपसात ठरवून त्यांना विचारलं, "गुरुजी, कुंदाचं छप्पर आम्ही पूर्ण करू का?" लच्चूच पुढं होता. गुरुजी म्हणाले, "तिनं जेवढं केलं तेवढंच तिचं आहे. राहू द्या." प्रदर्शनाच्या दिवशी ते घर सगळ्यांच्या ओळीत मांडलं. चिठ्ठीवर तिचं नाव लिहिलं.

इन्स्पेक्टरसाहेब नवे होते, मायाळू होते. त्यांना कोणीतरी सगळं सांगितलं असावं. घरासमोर ते थांबले, त्यांनी ते छोटं दार बोटानं उघडलं, मिटलं. बक्षिसाच्या वेळी म्हणाले, "यंदाचं पहिलं बक्षीस मी कुमारी कुंदा बोरकुटे हिला देतो. ते तिच्या आईनं घ्यावं."

वहिनी त्या दिवशी पहिल्यांदाच शाळेत आल्या होत्या. बायकांच्या मागे, डोक्यावरून पदर घेऊन उभ्या होत्या. बायकांनी त्यांना वाट करून दिली. त्यांनी एक पाऊल टाकलंही.

तेवढ्यात गुरुजी उठले.

"साहेब, माफ करा. हे काम पूर्ण नाही. जयवंता हिनं सूप पूर्ण केलं आहे. बक्षीस तिचं आहे."

साहेब गडबडले. "अहो गुरुजी, एवढं चालतं."

"तिचा बाप मास्तर आहे म्हणून चालतं, साहेब. दुसऱ्या कोणाचं अर्धं काम आपण पाहिलं असतं का?"

जयवंता रोजमजुरी करणाऱ्या बाईची मुलगी. तिनं सूप खरोखर सुरेख विणलं होतं. बोटांना चिंध्या बांधल्या होत्या. साहेबांनी तिला पुढं बोलावलं तेव्हा ती रडत होती, बक्षीस घेत नव्हती. गुरुजींनी तिच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढं केलं. टाळ्या वाजवायला त्यांनीच सुरुवात केली. मी मागे पाहिलं. वहिनी तिथं नव्हत्या.

संध्याकाळी आंगणात मी दिवा लावत होते. गुरुजी आले. वहिनी उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"एक टाळी वाजू देली असती तं कोणाचं काय गेलं असतं?"

गुरुजींनी पायातल्या वहाणा काढल्या.

"जितेपणी तिले बाप नाई भेटला. मेल्यावर तं भेटू द्यायचा होता."

एवढं बोलून त्या आत गेल्या. गुरुजींचं ताट वाढून ठेवल्याचा आवाज आला. त्या दिवसानंतर वहिनी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. स्वयंपाक करायच्या, पाणी तापवायच्या, धोतर धुऊन वाळत घालायच्या. काही सांगायचं असलं तर मला सांगायच्या, "बाई, त्यांले म्हणा, तांदूळ सरले." आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक भिंत होती, आणि त्या घरातून आता काहीही ऐकू यायचं नाही.

मी दोघांपैकी कोणाची समजूत घालणार? जयवंताचे ते बांधलेले हात मी पाहिले होते. वहिनींचं ते उचललेलं पाऊलही पाहिलं होतं.

एक दिवस दुपारी, वर्ग चालू असताना वहिनी शाळेत आल्या. थेट व्हरांड्यात गेल्या, फळीवरून कुंदाचं घर काढलं, खाली ठेवलं, आणि कमरेला खोचलेली गवताची पेंढी सोडून शाकारायला बसल्या. त्या शेतकऱ्याच्या घरच्या, त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. कुंदाची शेवटची जुडी जिथं होती तिथून त्यांनी पुढं घेतलं. मुली एकेक करून वर्गातून उठून बाहेर आल्या आणि त्यांच्याभोवती बसल्या. कोणी गवत निवडून देऊ लागली, कोणी दोरी. लच्चू पायरीवर बसला होता.

वहिनी मुलींना म्हणाल्या, "आता हे शाळेचं नाई. आता मी करू शकते."

गुरुजी वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले होते. हातात खडू होता. बाहेरही आले नाहीत, आतही गेले नाहीत. वहिनींनी शेवटची जुडी बांधली, वर आढ्यावर गवताची वेणी घातली, दोऱ्याचं टोक दातानं तोडलं. मग घर डोक्यावर घेतलं आणि तलावाच्या पाळीवरून पलीकडे गेल्या, कुंदाला ठेवलं होतं तिकडे. येताना हात मोकळे होते.

गुरुजींनी फळ्याकडे तोंड केलं. उरलेला सगळा तास ते तसेच उभे होते.

त्या उन्हाळ्यात त्यांनी बदली मागून घेतली. आलापल्लीच्याही पुढं, जंगलातल्या एका गावी. तिथं जायला कोणी तयार नसायचं, त्यामुळे लगेच मिळाली. पुढं माझीही बदली झाली, लग्न झालं, मी तो मुलूख सोडला. गुरुजी मला पुन्हा भेटले नाहीत. रेंजरसाहेबांची एकदा नागपुरात गाठ पडली. ते म्हणाले, तिथल्या शाळेत आता आईबापही पोरांबरोबर व्हरांड्यात बसतात. दुसऱ्या कोणी सांगितलं की नाही, गुरुजींचा नियम जसाच्या तसा होता. खरं काय ते मला माहीत नाही.

मला आठवते ती त्यांची निघायची सकाळ. सामान फारसं नव्हतं. बंडीवर ट्रंक, गादीची वळकटी, पितळेची भांडी. वहिनी बंडीत मागे बसल्या, पदर कपाळावर ओढून. आईनं त्यांना कुंकू लावलं तेव्हा त्यांनी आईचा हात बराच वेळ सोडला नाही. मुलं जमली होती. गुरुजींनी त्यांना पाया पडू दिलं नाही. म्हणाले, "वर्गात जा. घंटा झाली." घंटा झाली नव्हती.

बंडी निघाली. गुरुजी तिच्यामागे चालू लागले, हात मागे बांधून, ओळखीच्या त्या वाकलेल्या चालीनं. मी आणि आई आंगणाच्या कडेला उभ्या राहिलो. बंडी तलावाची पाळ चढली, पलीकडच्या वळणावर मोहाच्या झाडांखाली गेली, आणि तिथं थांबली.

मला वाटलं चाकाला काही झालं. पण बंडीवाला खाली उतरला नाही. वहिनींनी आपल्या शेजारची वळकटी उचलली आणि ओढून मांडीवर घेतली. गुरुजी मागे उभे होते. वहिनी काहीतरी बोलल्या असाव्यात. मग गुरुजी बंडीवर चढले आणि त्या मोकळ्या जागेत बसले.

बैल पुन्हा चालू लागले. त्या अंतरावरून चेहरे दिसत नव्हते. पांढरी टोपी तेवढी दिसली. ती हळूहळू खाली झुकत गेली, आणि वहिनींचा हात त्यांच्या पाठीवर आला. लहान मुलाला झोपवताना थोपटतात तसा तो हात त्यांना थोपटत होता. झाडांनी बंडी झाकली, तरी मला तो दिसत राहिला.